झोपलाय की राबतोय? एस-ट्रेस आणि पर्फ शिकताना

माझी पहिली नोकरी पुण्यात होती, सपोर्ट टीममध्ये, रात्रपाळीची. शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा. बायोडेटावर 'लिनक्स' लिहिलं होतं, म्हणजे फाइली इकडच्या तिकडे करता येत होत्या आणि लॉगवर ग्रेप मारता, म्हणजे त्यात शब्द शोधता येत होता. तिसऱ्याच आठवड्यात एक तिकीट आलं: रिपोर्ट काढणारा छोटा प्रोग्रॅम एरवी चुटकीसरशी संपतो, पण मधूनच पाच सेकंद अडकून बसतो. लॉगमध्ये 'सुरू' आणि 'संपलं' एवढ्या दोन ओळी, मधल्या पाच सेकंदांबद्दल अवाक्षर नाही. सर्व्हर रिस्टार्ट करून बघा, असं लिहून मी तिकीट पुढे ढकलणारच होतो. टीमची लीड, जिला आम्ही सगळे ताईच म्हणायचो, शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "अरे, त्या पाच सेकंदांत तो झोपलाय की राबतोय, ते तरी बघितलंस का?"

मला प्रश्नच कळला नव्हता. आता नवीन पोरं टीममध्ये आली की मी सगळ्यात आधी हाच प्रश्न त्यांच्या डोक्यात बसवतो, कारण लिनक्सवर प्रोग्रॅमच्या आत डोकावायच्या दोन हत्यारांपैकी, एस-ट्रेस आणि पर्फपैकी, कुठलं उचलायचं ते त्यावरच ठरतं.

प्रोग्रॅमला स्वतःहून फारसं काही करता येत नाही. फाइल उघडायची, नेटवर्कवर काही पाठवायचं, मेमरी वाढवून मागायची, नुसतं थांबायचं म्हटलं तरी कर्नलकडे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडे, अर्ज करावा लागतो. तहसील कचेरीच्या खिडकीसारखं आहे ते. अर्ज आत सरकवायचा, उत्तर येईपर्यंत उभं राहायचं. हा अर्ज म्हणजे सिस्टिम कॉल. एस-ट्रेस त्या खिडकीशेजारी वही घेऊन उभा राहतो आणि कोणी काय मागितलं, काय मिळालं, किती वेळ लागला ते ओळीनं लिहून घेतो. पर्फचं काम निराळं. तो खिडकीपाशी थांबत नाही. सेकंदाला ठरावीक वेळा डोकावून प्रोसेसर या क्षणी कुठल्या फंक्शनमध्ये आहे याची नोंद करतो. म्हणून आधी कोण किती सीपीयू खातंय ते दाखवणारा 'टॉप' लावून बघायचं. सीपीयूचा आकडा शून्याच्या आसपास असेल तर प्रोग्रॅम कशाची तरी वाट बघतोय, तिथे एस-ट्रेस. शंभर टक्क्यांवर असेल तर तो राबतोय, तिथे पर्फ.

(उच्चार 'एस-ट्रेस' असा आहे. मी पहिले सहा महिने 'स्ट्रेस' म्हणायचो. आईला फोनवर "आज दिवसभर स्ट्रेसवरच होतो" असं सांगितलं की ती म्हणायची, सोड ती नोकरी, गावाकडे ये.)

आमचा रिपोर्टवाला झोपलेला निघाला. ताईनं तो प्रोग्रॅम एस-ट्रेसखाली चालवायला सांगितला, तीन पर्याय लावून: -एफ, म्हणजे पोटातून जन्मलेल्या प्रोसेस (चालू प्रोग्रॅम) आणि थ्रेडसुद्धा (एकाच प्रोसेसमधल्या समांतर वाटा) धरायचे, -टीटी, म्हणजे प्रत्येक ओळीला घड्याळाची वेळ, आणि कॅपिटल -टी, म्हणजे प्रत्येक कॉलला लागलेला वेळ ओळीच्या शेवटी. शेकडो ओळी सरसर वर गेल्या, मग पडदा थांबला, आणि पाच सेकंदांनी पुन्हा धावायला लागला. थांबला होता तिथली ओळ अजून डोळ्यांसमोर आहे. 'पोल' नावाचा, उत्तराची वाट बघणारा कॉल, कंसात मुदत ५००० मिलिसेकंद, उत्तर शून्य, त्यापुढे 'टाइमआउट', आणि शेवटी कोनी कंसात ५.००५. त्याच्या दोनचार ओळी वर 'कनेक्ट', पोर्ट ५३.

पोर्ट ५३ म्हणजे डीएनएस. नाव देऊन पत्ता विचारला, पण समोरून कुणी बोललंच नाही. जीलिबसी या लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीतला, नावावरून पत्ता शोधणारा रिझॉल्व्हर मुळात पाच सेकंद वाट बघतो आणि मग यादीतल्या पुढच्या सर्व्हरला विचारतो. तो प्रोग्रॅम दोन मशीनपैकी जी मोकळी असेल तिच्यावर चालायचा. त्यातल्या एकीच्या 'रिझॉल्व्ह.कॉन्फ'मध्ये, म्हणजे डीएनएस सर्व्हरच्या यादीत, कधीच बंद केलेल्या सर्व्हरचा पत्ता पहिल्या ओळीत होता. म्हणून कधी अडकायचा, कधी नाही. आम्ही ती ओळ काढली आणि तिकीट बंद केलं. तेव्हापासून कुठलीही गोष्ट बरोबर पाच सेकंद रखडते असं कुणी म्हटलं की माझा हात आधी डीएनएसकडे जातो.

ओळ वाचायची कशी, ते एकदा नीट शिकून घ्या. आधी कॉलचं नाव, कंसात अर्जातला मजकूर, मग बरोबरचं चिन्ह आणि उत्तर. उत्तर उणे एक असेल तर पुढे एररचं नाव येतं. इथे नवखा माणूस हमखास घाबरतो, कारण जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅमच्या सुरुवातीलाच 'एलडी.एसओ.प्रीलोड' ही फाइल सापडली नाही, ईनोएंट, अशी ओळ दिसते. मी पहिल्या आठवड्यात त्यावर एक अख्खी ईमेल लिहिली होती! ती फाइल बहुतेक मशीनवर नसतेच, आणि नसली तरी काही बिघडत नाही. लायब्ररी चार ठिकाणी शोधून पाचव्या ठिकाणी सापडणं हेही रोजचंच. सॉकेटवर, म्हणजे नेटवर्कच्या जोडणीवर, ईअगेन आलं तर त्याचा अर्थ 'आत्ता काही नाही, नंतर ये' एवढाच. म्हणून ट्रेस वरून खाली वाचत बसू नका. प्रोग्रॅम जिथे मेला किंवा थांबला तिथून उलटं वर या.

आणखी दोन ठेचा माझ्या खाऊन झाल्यात, तुम्ही वाचवा. एस-ट्रेस आपलं लिखाण स्टँडर्ड एररवर टाकतो, त्यामुळे पाइप करून ग्रेप लावला तर काहीच गाळलं जात नाही. त्यापेक्षा -ओ देऊन सरळ फाइलमध्ये घ्या. आणि मजकुराची पहिली ३२ अक्षरंच दिसतात. पुढचं हवं तर -एस २०० वगैरे द्या. -वाय लावलं की नुसत्या 'फाइल क्रमांक ७'ऐवजी ७ म्हणजे कुठली फाइल ते शेजारी लिहून येतं. मी तरी त्याशिवाय ट्रेस घेतच नाही.

-सी मात्र जपून. तो ओळी न दाखवता शेवटी हिशेबाचा तक्ता देतो, दिसायला फार सुबक, आणि नवीन मंडळी त्याच्या प्रेमात पडतात. पण त्या तक्त्यातला वेळ म्हणजे कर्नलनं त्या कॉलसाठी खर्च केलेला सीपीयूचा वेळ. वाट बघण्यात गेलेला वेळ त्यात नाही. आमचे ते पाच सेकंद -सीच्या तक्त्यात जवळपास शून्य दिसले असते. घड्याळी वेळ हवा असेल तर सोबत -डब्ल्यू द्यावं लागतं.

आता माझा पराक्रम. वर्षभरात हात बसला होता, जरा माजही आला होता. एका चालू सर्व्हरवर, भर कामाच्या वेळेत, 'नुसतं बघतो' म्हणून मी -एफ आणि -पी, म्हणजे आधीच चालू असलेल्या प्रोसेसचा नंबर, देऊन एस-ट्रेस जोडला. अर्ध्या मिनिटात रिक्वेस्टची रांग तुंबली, अलार्म वाजायला लागले, आणि मी मात्र स्क्रीनकडे बघत 'हा सर्व्हर हळू का झाला बरं' याचं कारण ट्रेसमध्येच शोधत होतो. ताई मागून आली आणि एवढंच म्हणाली, "कंट्रोल-सी." सुटला सर्व्हर.

यामागे आहे पीट्रेस, एका प्रोसेसनं दुसरीवर नजर ठेवायची कर्नलमधली सोय. एस-ट्रेस त्याच्याच आधारानं चालतो, आणि पीट्रेस प्रोसेसला प्रत्येक कॉलला दोनदा थांबवतो, आत जाताना आणि बाहेर येताना. दर थांब्याला कर्नल एस-ट्रेसला जागं करणार, तो नोंद करणार, मग प्रोसेस पुढे. ठरावीक कॉलच दाखव असं -ई देऊन सांगितलं तरी सहसा थांबे तेवढेच राहतात, फक्त लिहायचं कमी होतं. घरी स्वतः करून बघा: डीडी कमांडनं शून्यांच्या फाइलमधून 'नल'मध्ये एकेक बाइट, असे पाच लाख बाइट कॉपी करा. प्रत्येक बाइटला एक रीड आणि एक राइट, म्हणजे दहा लाख कॉल. आधी नुसतं चालवा, मग एस-ट्रेसखाली. दुसऱ्यांदा चहा टाकून या.

चालू सर्व्हरवर असं काही बघायचंच असेल तर 'पर्फ ट्रेस' आहे. तो कर्नलमधल्या ट्रेसपॉइंटवरून (नोंदीसाठी ठरवून ठेवलेल्या जागांवरून) नोंदी एका बफरमध्ये गोळा करतो, प्रोसेसला थांबवत नाही, त्यामुळे भार पुष्कळ कमी. त्याची किंमत म्हणजे गर्दी झाली की काही नोंदी गळतात, आणि एस-ट्रेसइतका तपशीलवार मजकूर मिळत नाही. -एस दिलं की थ्रेडवार गोषवारा देतो. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.

पर्फ २००९ मध्ये लिनक्सच्या २.६.३१ आवृत्तीबरोबर आला. माझी त्याची पहिली खरी गाठ पडली ती एका सर्व्हिसचा एक कोअर शंभर टक्क्यांवर अडकला तेव्हा. सवयीनं, आणि या वेळी विचारून, एस-ट्रेस लावला तर पडदा कोरा. एकही ओळ नाही! मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. पण कोरा पडदा हेच उत्तर होतं: प्रोग्रॅम खिडकीकडे फिरकतच नाहीये, आतल्या आत चरकाच्या बैलासारखा गोल फिरतोय. 'पर्फ टॉप' लावल्यावर सगळ्यात वरची ओळ निघाली स्ट्रलेनची, नावाला एव्हीएक्स२ अशी प्रोसेसरच्या खास सूचनांची शेपटी असलेली. स्ट्रलेन म्हणजे अक्षरांची लांबी मोजणारं बापडं फंक्शन, ते दोषी कसं असेल? मग 'पर्फ रेकॉर्ड' कॅपिटल -एफ ९९ (सेकंदाला ९९ वेळा डोकाव), -जी आणि त्या प्रोसेसचा नंबर देऊन अर्धा मिनिट चालवलं. -जीमुळे कुणी कुणाला बोलावलं ती साखळी मिळते. 'पर्फ रिपोर्ट'मध्ये साखळी उलगडली तर कळलं की एका लूपच्या अटीतच स्ट्रलेन लिहिलंय. काही मेगाबाइटची स्ट्रिंग, आणि प्रत्येक अक्षरामागे तिची लांबी पहिल्यापासून मोजली जात होती. लांबी लूपच्या बाहेर एकदाच मोजली, काम झालं. (१०० ऐवजी ९९ का? प्रोग्रॅममधली नेमानं होणारी कामं आणि आपलं डोकावणं एकाच तालात जाऊ नये म्हणून.)

पर्फच्या दारात अडथळे बरेच आहेत, आणि पोरं तिथूनच परत फिरतात. साध्या युजरला परवानगी नसते, ती 'पर्फ इव्हेंट पॅरानॉइड' या कर्नलच्या सेटिंगवर ठरते. उबंटूवर कर्नलच्या नेमक्या आवृत्तीचं लिनक्स-टूल्स पॅकेज लागतं. क्लाउडवरच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये प्रोसेसरच्या सायकल मोजायला गेलात तर 'नॉट सपोर्टेड' असं उत्तर येऊ शकतं. तिथे सीपीयू-क्लॉकवर, म्हणजे कर्नलच्या घड्याळावर, काम भागवायचं. साखळीत फंक्शनच्या नावाऐवजी 'अननोन' दिसलं तर बहुधा प्रोग्रॅम फ्रेम पॉइंटरशिवाय (साखळी मागे शोधायला लागणाऱ्या खुणेशिवाय) बांधलेला असतो. फेडोरा ३८ आणि उबंटू २४.०४ पासून त्यांची पॅकेजं पुन्हा फ्रेम पॉइंटरसकट यायला लागली, त्यामुळे हा त्रास बराच कमी झालाय. एस-ट्रेसलाही 'परवानगी नाही' असं ऐकावं लागलं तर कर्नलमधल्या यामा या सुरक्षा भागाचं 'पीट्रेस स्कोप' हे सेटिंग बघा. तिथे १ असेल तर एस-ट्रेसनं स्वतः सुरू न केलेल्या प्रोसेसला साध्या युजरला हात लावता येत नाही.

आणि ट्रेस कुणाला पाठवायचा असेल तर आधी स्वतः वाचा. रीड-राइटच्या ओळींत पासवर्ड आणि टोकन जसेच्या तसे पडलेले असतात. अख्खी फाइल तिकिटाला चिकटवू नका. मुद्द्याच्या पाचसहा ओळी आणि त्यावर तुमचं एक वाक्य बास.

हल्ली मुलाखतींना मी समोरच्या बाजूला बसतो. लॅपटॉपवर एक अडकलेला प्रोग्रॅम चालू ठेवतो आणि बघा म्हणतो. बरेचजण लॉग कुठाय विचारतात, काही जण किल करतात. मागे एका मुलीनं आधी 'टॉप' लावला, मग -पी देऊन एस-ट्रेस. एकच ओळ आली, फ्युटेक्स वेट (कुलूप सुटायची वाट), अर्धवट, आणि पुढे काहीच नाही. ती थोडा वेळ त्या ओळीकडे बघत राहिली. "सर, हा मेन थ्रेड आहे, तो दुसऱ्या कुणाची तरी वाट बघतोय," असं म्हणून तिनं कंट्रोल-सी दाबलं आणि तीच कमांड -एफ लावून पुन्हा मारली.