महाप्रसादाच्या मांडवात अन्नबचतीचे फलक कसे लावावेत : युद्धकाळातील भित्तिपत्रकांवरून काही धडे

विदर्भातल्या खेड्यात भागवत सप्ताहाचा काला झाला की महाप्रसादाची पंगत बसते, आणि पंगत उठली की वांग्याची भाजी, वरण, बुंदी आणि अर्धवट मोडलेल्या पोळ्यांनी भरलेल्या पत्रावळींचा ढीग मांडवामागे लागतो. त्याच मांडवात दर्शनी बाजूला ‘अन्न हे पूर्णब्रह्म’ असा फलक असतो. फलकावरचे वचन खरे आहे, परंतु ते कोणालाही नेमके काही करायला सांगत नाही. वाचणारा मान डोलावतो आणि पानात पडलेले तसेच टाकून उठतो. दोन्ही महायुद्धांत अमेरिका आणि ब्रिटन येथील सरकारांनी अन्न वाचवण्यासाठी जी भित्तिपत्रके काढली, त्यांतली चांगली पत्रके ही उणीव ठेवत नाहीत. म्हणून सप्ताहासाठी किंवा लग्नासाठी फलक करायचे असतील, तर ती पत्रके समोर ठेवून कामाला लागावे.

१९१७ साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली, तेव्हा युरोपातील मित्रराष्ट्रांना गहू, मांस, साखर आणि चरबी पुरवण्याचे काम हर्बर्ट हूवर यांच्या अन्न प्रशासनाकडे आले. हूवर यांनी घरोघरी रेशनिंग लादण्याऐवजी लोकांच्या स्वेच्छेवर भर दिला, त्यामुळे भित्तिपत्रक हे त्यांचे प्रमुख साधन ठरले. त्यांपैकी चित्रकार एफ. जी. कूपर यांच्या पत्रकात चित्रापेक्षा अक्षरांनाच महत्त्व आहे आणि त्यावर सहा सूचना आहेत : विचार करून विकत घ्या, काळजीने शिजवा, गहू आणि मांस कमी वापरा, आपल्या भागात पिकलेले घ्या, पुरेल तेवढेच वाढा, उरलेले वापरा. या सहांपैकी एकही सूचना ‘अन्नाचा मान राखा’ अशा थाटाची नाही. प्रत्येकीत हाताने करायचे एक काम आहे. मांस मंगळवारी टाळा, गहू बुधवारी टाळा असे वार ठरवून देण्यामागेही हाच विचार होता.

मात्र सहाच्या सहा सूचना एका फलकावर उतरवू नयेत. स्वयंपाकघरात किंवा दुकानात उभे राहून निवांत वाचणाऱ्याला सहा ओळी चालतात. हातात वरणाची बादली घेऊन धावणाऱ्या पोराला त्या वाचता येणार नाहीत. म्हणून आधी हे ठरवावे की आपल्या मांडवात अन्न नेमके कोणाच्या हातून वाया जाते. बहुतेक ठिकाणी जेवणाऱ्याला दोष दिला जातो, पण पंगतीत ताटावर ताबा जेवणाऱ्याचा नसतो, वाढप्याचा असतो. जेवणारा नको नको म्हणत असताना वाढपी आग्रहाने दोन पोळ्या टाकून पुढे जातो, आणि जेवणाराही भाजीवाला परत येईल की नाही या शंकेने पहिल्याच फेरीत जास्तीचे घेऊन ठेवतो. यासाठी पहिला फलक वाढप्यांसाठी लिहावा आणि तो मांडवाच्या कमानीवर न लावता बादल्या जेथे भरल्या जातात तेथे, डोळ्यांच्या उंचीवर लावावा : ‘अर्धा डाव वाढा, पुन्हा विचारा.’ जेवणाऱ्यांसाठीचा फलक पंगतीच्या समोर असावा आणि तो वाढप्यांच्या तोंडचा असावा : ‘लागेल तेवढेच घ्या, आम्ही पुन्हा येतो आहोत.’ आचाऱ्यासाठी वेगळा फलक करण्याची गरज नाही. भात दोन हप्त्यांत शिजवायचा आणि कणीक पंगत पाहून भिजवायची, हे त्याला आदल्या दिवशी तोंडी सांगितले आणि चुलीजवळ खडूने लिहिले तरी पुरते.

आता आकड्याविषयी. ब्रिटनमधली पत्रके परिणामकारक ठरली याचे एक कारण असे की त्या बेटावर लागणाऱ्या अन्नाचा मोठा भाग जहाजांनी येत होता आणि जर्मन पाणबुड्या ती जहाजे बुडवत होत्या, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक होते. घरातला पाव आणि समुद्रावरचे जहाज यांचा संबंध पत्रकाने फक्त दाखवून दिला. आपल्या गावात असा संबंध जोडायचा असेल, तर देशभराचे मोठमोठे आकडे फलकावर लिहून उपयोग नाही. कापूस वेचणाऱ्या बायांचा रोजचा कापूस ज्या काट्यावर मोजला जातो, तो काटा शेतकऱ्यांच्या घरी असतोच. एका कार्यक्रमानंतर पत्रावळींवरचे अन्न टोपल्यांत वेगळे काढून त्या काट्यावर तोलावे, टोपल्यांचे वजन वजा करावे आणि आलेला आकडा पुढच्या वर्षीच्या फलकावर जसाच्या तसा, किलोत लिहावा. तो फुगवू नये. गावात कोणी ना कोणी तोलताना हजर असतोच, आणि फुगवलेला आकडा एकदा उघडा पडला की पुढचा कोणताही फलक कोणी गांभीर्याने घेत नाही.

चित्राच्या बाबतीत ब्रिटिश भित्तिपत्रककार अब्राम गेम्स यांच्याकडून शिकण्यासारखे खूप आहे. १९४२ च्या सुमारास त्यांनी ब्रिटनमध्ये केलेल्या एका पत्रकात फावडे आणि जहाज यांचे आकार एकमेकांत जोडलेले आहेत. संदेश असा की आपले अन्न आपणच पिकवा, म्हणजे ते आणायला जहाज लागणार नाही. दोन वस्तू, एक नाते, बाकी काही नाही. आपल्याकडे पत्रावळीच्या एका अर्ध्या भागात टाकलेला भात आणि दुसऱ्या अर्ध्या भागात धानाची लोंबी काढली, तर भंडारा-गोंदियाकडच्या माणसाला वेगळे काही सांगावे लागणार नाही. अमरावती-यवतमाळकडे पोळी आणि गव्हाची ओंबी घ्यावी. यापलीकडे कलश, मोर, स्वस्तिक, देणगीदारांची नावे आणि पुढाऱ्यांचे फोटो यांतले काहीही त्या फलकावर येऊ देऊ नये. याबाबतीत समितीशी थोडा वाद होईल, तो घालावा.

भाषेचा सूर ठरवताना युद्धकाळातील सगळीच पत्रके आदर्श मानू नयेत. पहिल्या महायुद्धात कॅनडात निघालेल्या एका पत्रकात साठेबाजी करणारे जोडपे दाखवून ‘तुम्ही कायदा मोडत आहात का?’ असे विचारले होते. शेजाऱ्याने शेजाऱ्यावर नजर ठेवावी, ही त्यातली अपेक्षा खेड्यात विष कालवते. ताट टाकणाऱ्याचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवणे हा त्याचाच आजचा अवतार होय, आणि तो कटाक्षाने टाळावा.

साहित्य साधे असावे. फ्लेक्सपेक्षा जुन्या पत्र्यावर किंवा पुठ्ठ्यावर चुन्याचा हात देऊन गेरूने लिहिलेले अक्षर दुरून ठसठशीत दिसते आणि खर्चही नगण्य येतो. एका फलकावर सहा-सात शब्दांहून अधिक नसावेत. समाजमंदिराच्या किंवा शाळेच्या भिंतीवर लिहायचे असेल, तर ज्यांची भिंत आहे त्यांची परवानगी आधी घ्यावी.

फलकामागे व्यवस्था नसेल तर फलक हा नुसता उपदेश उरतो. ब्रिटनमध्ये ८ जानेवारी १९४० रोजी सुरू झालेले रेशनिंग ४ जुलै १९५४ पर्यंत चालले. त्या काळात ‘पोटॅटो पीट’ नावाचा हसरा बटाटा लोकांना बटाटे खायला सांगत असे, तेव्हा त्याच्याबरोबर पाककृतीही दिल्या जात. मांडवात याचा अर्थ असा की डाव लहान आणावेत, दुसरी फेरी खरोखरच फिरवावी आणि लहान मुलांची पंगत वेगळी बसवून त्यांना लहान पत्रावळी द्याव्यात. याउलट, १९४२-४३ मध्ये हिंदुस्थानात ‘अधिक धान्य पिकवा’ ही मोहीम सुरू असतानाच बंगालमध्ये दुष्काळ पडला आणि सुमारे ३० लाख माणसे मेल्याचा अंदाज आहे. ज्याच्या कोठीत दाणाच नाही, त्याला बचतीचा फलक दाखवणे क्रूरपणाचे आहे. म्हणून हे फलक रेशन दुकानात किंवा मजुरांच्या वस्तीत लावू नयेत, ते यजमानांच्या मांडवातच शोभतात. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले, तेही ज्यांना दोन वेळचे मिळत होते त्यांनाच उद्देशून असणार, हे उघड आहे.

कूपर यांची सहावी सूचना, म्हणजे उरलेले वापरण्याची, आपल्याकडे जशीच्या तशी घेऊ नये. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि लग्नेही तेव्हाच असतात. अशा उन्हात शिजलेले वरण, भात, भाजी तासाभराहून अधिक वेळ उघड्यावर राहिली, तर ती कोणालाही खायला देऊ नये. पातेल्यात न वाढलेले जे उरेल ते झाकून लगेच वाटायचे असेल, तर कोणत्या वसतिगृहात किंवा वस्तीत न्यायचे, गाडी कोणाची आणि नेणारा कोण, हे आदल्या दिवशी ठरवून त्या माणसाचे नाव खडूने चुलीजवळच्या फळ्यावर लिहावे. पानावर टाकलेले अन्न वेगळ्या टोपलीत जमवावे, त्यातले द्रोण, पत्रावळी आणि प्लास्टिकचे ग्लास काढून टाकावेत, टोपली काट्यावर तोलावी आणि मग ते खताच्या खड्ड्यात टाकावे.