२५ फ्रेमच्या फिल्मचा डीसीपी

पुण्यातल्या महोत्सवाला किंवा फिल्म क्लबला सेकंदाला २५ फ्रेमवर शूट केलेली फिल्म द्यायची असेल, तर डीसीपी, म्हणजे थिएटरच्या सर्व्हरवर चालणारं फिल्मचं डिजिटल पॅकेज, बनवताना डीसीपी-ओ-मॅटिक या सॉफ्टवेअरमध्ये (मोफत आहे, आणि चांगलं आहे) 'एसएमपीटीई' हे प्रमाण निवडा. जुनं 'इंटरॉप' प्रमाण २४ आणि ४८ फ्रेमपुरतंच. २५ची फिल्म २४वर ओढली, की १०० मिनिटांची १०४ मिनिटं होतात आणि आवाज जाड होतो. बोलण्यात एकवेळ खपतं, तंबोऱ्यात लगेच कळतं. तरी थिएटरचा सर्व्हर २५ फ्रेम चालवतो का, हे आधी विचारून घ्या.

१९२० × १०८० चित्र १९९८ × १०८० च्या 'फ्लॅट' या थिएटरच्या ठरलेल्या चौकटीत ठेवा. दोन्ही बाजूंना ३९ पिक्सेलची काळी पट्टी राहते, राहू द्या. ती घालवायला चित्र ताणू नका.

संवाद सेंटर चॅनलवर, म्हणजे पडद्यामागच्या मधल्या स्पीकरवर, हवेत. नुसता स्टिरिओ दिला, तर कडेच्या खुर्चीवरच्या माणसाला पात्र भिंतीतून बोलल्यासारखं वाटतं.

डीसीपी द्यायची डिस्क ईएक्सटी३ या लिनक्सच्या पद्धतीने फॉरमॅट करा, आयनोड (डिस्कवरची प्रत्येक फाइलची नोंद) १२८ बाइट. एक्सफॅट बरेच सर्व्हर वाचतच नाहीत. आणि फोल्डरमधल्या फाइलींची नावं बदलू नका; असेटमॅपमध्ये (पॅकेजमधल्या फाइलींच्या यादीत) तीच नावं असतात, जुळली नाहीत की इन्जेस्ट (फिल्म सर्व्हरवर चढवणं) अडकतं.