पोराच्या डोक्याला बॉल लागला, आता मैदानात परत कधी?

गोव्यात पोरं चालायला लागली की फुटबॉल सुरू, आणि हेडिंग करताना डोक्याला डोकं आपटलं की बाहेरून कोणीतरी ओरडतंच, पाणी मार नि खेळव. अजिबात नाही! कन्कशनचा, म्हणजे मार लागून मेंदूला बसलेल्या हादऱ्याचा, नुसता संशय आला तरी त्या दिवशी परत उतरवायचं नाही, बेशुद्ध पडला नसला तरी.

पुन्हा पुन्हा उलट्या, झटके, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी असेल तर सरळ १०८ लावा नाहीतर बांबोळीला जीएमसीत (गोवा मेडिकल कॉलेजात) न्या. सीटी स्कॅन नॉर्मल आला म्हणजे कन्कशन नाही असं नसतं हां.

आता वयाचं. मोठा माणूस साधारण १०-१४ दिवसांत बरा होतो, शाळकरी पोरांना ४ आठवडेसुद्धा लागतात कारण मेंदू अजून वाढतोय, आणि त्यातही तेरा-चौदाच्या पुढची पोरं बऱ्याचदा जास्त रेंगाळतात. म्हणून सीनियर टीमचा दादा दोन आठवड्यांत परतला हा हिशोब आपल्या पोराला लावू नका.

पहिले २४-४८ तास आराम, मोबाईल कमी. पण अंधाऱ्या खोलीत आठवडाभर झोपवून ठेवू नका, त्याने उलट उशीर होतो. मग हळूहळू चालणं, आधी पूर्ण शाळा, मग जॉगिंग, मग एकट्याने बॉल, प्रत्येक पायरीला निदान एक दिवस. त्रास बराच वाढला तर थांबा, दुसऱ्या दिवशी परत बघा. हेडिंग आणि टॅकल डॉक्टरने हो म्हटल्यावरच, फायनल असली तरी.