बॅटरीवरची रेसिप्रोकेटिंग सॉ: आधी शू टेकवा, मगच ट्रिगर दाबा

पाऊस सुरू व्हायच्या आधी आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर भागात दोन कामं घरोघरी निघतात, एक म्हणजे कौलाखालचे कुजलेले वासे-रीप बदलायचे आणि दुसरं घरावर वाकलेल्या आंब्या-फणसाच्या फांद्या उतरवायच्या. ह्या दोन्हीला आता बरेच जण बॅटरीवरची रेसिप्रोकेटिंग सॉ, म्हणजे ब्लेड मागे-पुढे चालवणारी करवत, घेतायत आणि मशीन कामाचंच आहे, वायर ओढायची नाही, लाइट गेली तरी काम थांबत नाही, आणि ब्लेड बरोबर असलं तर वाशातला गंजका खिळासुद्धा लाकडाबरोबर कापून जातो. पण वापरायचं कसं हे नीट सांगणारं कोणी भेटत नाही.

सगळ्यात आधी शू. ब्लेडच्या मुळाशी जो लोखंडी पाय असतो ना, तो. ब्लेड दर फेरीला साधारण 28 ते 32 मिलीमीटर मागे-पुढे जातं, मिनिटाला 3000 वेळा सुद्धा, आणि त्याचे दाते मशीनकडे झुकलेले असतात, म्हणजे खरं कापणं होतं ते ओढताना. शू लाकडाला घट्ट टेकलेला असेल तर ती ओढ शूवर जाते, नसेल तर ती सगळी तुमच्या मनगटावर येते आणि लाकूड पण थडाथडा नाचायला लागतं. आमच्या गल्लीतले सुतारमामा मला पहिल्या दिवशी एवढंच म्हणाले, “आधी टेकव, मग चालव की बाळा.” तेव्हा शू टेकवा, ब्लेड लाकडापासून जरासं वर ठेवा, ट्रिगर हळू दाबा, आणि चालतं ब्लेड खाली आणा. दोन्ही हात मशीनवर. जोर लावू नका, ब्लेड बरोबर असेल तर मशीनच्या वजनानंच कापतं, जोर लावून फक्त ब्लेड वाकतं.

ब्लेड बदलताना आधी बॅटरी काढायची, प्रत्येक वेळी, घाईत असलात तरी. ट्रिगरला चुकून बोट लागायला किती वेळ लागतो! आणि कापून झाल्या झाल्या ब्लेडला हात लावू नका, चांगलं तापलेलं असतं.

कुठलं ब्लेड घ्यायचं ते इंचाला दाते किती ह्यावर ठरतं. ओल्या फांदीला 3 ते 6 दाते, मोठे, भुसा पटापट बाहेर काढणारे. खिळे असलेल्या जुन्या वाशाला बायमेटल, म्हणजे दोन धातू जोडून केलेलं ब्लेड, 6 ते 10 च्या दरम्यान. लोखंडाला 14 ते 24, पत्रा जेवढा पातळ तेवढे दाते जास्त, निदान 3 दाते एकाच वेळी धातूवर बसायला पाहिजेत, नाहीतर दाते अडकून तुटतात. लाकडाला स्पीड फुल्ल चालतो, लोखंडाला कमी ठेवा आणि दोन थेंब तेल सोडा, नाहीतर ब्लेड निळं पडून जातं. लांबी अशी बघा की कापताना ब्लेड लाकडाच्या पलीकडे दोन-तीन इंच बाहेर राहील, पण पलीकडे तेवढी जागा मोकळी आहे ना ते बघा, कारण टोक जर भिंतीला नाहीतर दुसऱ्या वाशाला आपटलं तर मशीन जोरात मागे उसळतं.

आता फांदी, इथंच जास्त जण चुकतात. गेल्या मे महिन्यात फणसाची फांदी मी सरळ खालून कापायला घेतली, अर्धी झाली आणि फांदी बसली, ब्लेड चिमटलं, मशीन हातात असं पिळलं की आठ दिवस मनगट सुजलेलं होतं. म्हणून आधी खोडापासून फूटभर अंतरावर खालच्या बाजूनं पाव ते एक तृतीयांश एवढाच खोल काप घ्या, मग त्याच्या थोडं बाहेर वरून कापा, फांदी तिथनं तुटून पडते आणि साल खोडापर्यंत सोलत जात नाही. राहिलेला खुंट शेवटी, खोडाजवळ जी फुगीर कड असते ती सोडून. जमिनीवर दोन टोकांवर टेकलेलं लाकूड उलटं वागतं, वरून कापलं की मधे बसतं आणि ब्लेड धरतं, म्हणून काप जिथं घ्यायचा त्याच्या एकाच बाजूला टेकू द्या. ब्लेड अडकलंच तर ट्रिगर सोडा, बॅटरी काढा, फटीत पाचर मारा, मग ओढा. चालू मशीन हिसकायचं नाही. शिडीवर उभं राहून एका हातानं कापणं तर नकोच, आणि हेस्कॉमची, म्हणजे आमच्याकडच्या वीज कंपनीची, तार जवळनं गेली असेल तर त्यांना सांगून लाइन बंद करून घ्या, नाहीतर त्या फांदीला हात लावू नका.

भिंतीत किंवा छतात कापायच्या आधी मेन स्विच बंद करा, आत जुनी वायरिंग कुठनं गेलीय ते दिसत नाही. चष्मा घाला, पायात बूट घाला. आणि कळकळीनं सांगतो, जुन्या गोठ्यावरचे सिमेंटचे पत्रे ह्या मशीननं कापू नका, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं, ती धूळ छातीत गेली की वर्षांनी आजार उठतो. ते पत्रे ओले करून अख्खेच उतरवा.

बॅटरी गरम असताना चार्जला लावू नका, थोडी निवू द्या. गाडीत उन्हात पण ठेवू नका. ब्लेडं पुसून तेलाचा बोळा फिरवून डब्यात ठेवा, आमच्या इकडच्या पावसात उघडं ठेवलेलं ब्लेड आठ दिवसांत तांबूस होतं.