खेळातली दुखापत आणि वेदनाशामक गोळ्या: या चुका टाळा

घोटा मुरगळला की गोळीआधी पाय तपासा. चार पावलं टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावर दाबल्यावर कळ येत असेल, तर आधी एक्स-रे. गोळीने ठणका उतरतो, हाडाची चीर तशीच राहते. त्याच पायाने नाशिकच्या पांडवलेणीचा डोंगर चढलात तर हाड सरकू शकतं.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो दोन नावांच्या एकाच औषधाने. कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन 400 आणि पॅरासिटामॉल 325 मिलिग्रॅम असतं. आराम पडला नाही म्हणून त्यावर कुणी अ‍ॅसिक्लोफिनॅक-पॅरासिटामॉलची गोळी घेतं. आयबुप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफिनॅक ही सूज उतरवणारी दोन औषधं एकत्र घेतल्याने फायदा वाढत नाही, जठरात रक्तस्राव होण्याचा धोका मात्र वाढतो. वर डोलो 650 घेतली की पॅरासिटामॉल तिसऱ्यांदा पोटात! म्हणून गोळ्यांच्या पट्टीच्या मागे लिहिलेली औषधांची नावं वाचाच. डॉक्टरांना न विचारता आयबुप्रोफेन दिवसाला 1200 मिलिग्रॅमच्या वर नको, तेही जेवणानंतर आणि दोन-तीन दिवसच. रक्तदाब, किडनी, अल्सर, दमा किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतील, तर विचारल्याशिवाय एकही नको.

धावण्याआधी ‘सावधगिरी म्हणून’ गोळी घेणं आम्हाला सर्वांत घातक वाटतं. एप्रिलच्या उन्हात गोल्फ क्लब मैदानावर घाम गाळताना शरीरातलं पाणी कमी होतं. अशा वेळी किडनीचा रक्तपुरवठा टिकवणारी रसायनं सूज उतरवणारी ही औषधं रोखतात. शिवाय दुखणं दबल्यामुळे थांबायचं कधी, हे कळत नाही. धावून आल्यावरही आधी पाणी प्या आणि लघवी नेहमीसारखी फिकट झाल्यावरच गोळीचा विचार करा.

पावसाळ्यात अंगदुखीसोबत ताप असेल तर डेंग्यूची शंका मिटेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल.

डायक्लोफिनॅक जेल खरचटलेल्या जागी लावू नका, वरून शेकू नका. लावल्यावर हात धुवा.

टाचेमागच्या शिरेत (पोटरीचा स्नायू टाचेला जोडणाऱ्या कंडरेत) स्टिरॉइडचं इंजेक्शन मागू नका. ती तुटू शकते. राज्य किंवा राष्ट्रीय स्पर्धा खेळणाऱ्यांनी डॉक्टरांना हे आधीच सांगावं: 1 जानेवारी 2022 पासून स्पर्धाकाळात स्टिरॉइडचं कुठलंही इंजेक्शन बंदीत आहे, आणि 1 जानेवारी 2024 पासून ट्रॅमाडॉल हे तीव्र वेदनाशामकही. औषध खरंच गरजेचं असेल तर ‘नाडा’कडे (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेकडे) उपचारासाठीच्या सवलतीचा अर्ज करावा लागतो.