"मावशी, वजन करायला चला"

केमो डे-केअरला नव्याने लागलेल्या नर्सेससाठी लिहितेय. कॅन्युला कशी लावायची, लाल औषध जाताना शिरेवरून नजर का हटवायची नाही, हे तुम्हाला येतं, नाहीतर महिन्याभरात येईल. मी फसले ती एका साध्या कागदावर.

डिस्ट्रेस थर्मामीटर. गेल्या आठवड्यात मनाला किती त्रास झाला, शून्य ते दहा. चार किंवा वर असेल तर पुढे कळवायचं. माझ्या कागदांवर सहा महिने सगळे दोन नि तीन. मला वाटायचं, काय वॉर्ड सांभाळलाय आपण!

एक मावशी होत्या, केमोची तिसरी सायकल, म्हणजे औषधाची तिसरी फेरी. मुलगा खुर्चीला खुर्ची लावून. मी मावशींना विचारलं, उत्तर त्याने दिलं, "आई एकदम खंबीर आहे सिस्टर, दोन लिहा." मावशी हसल्या. हात मात्र पदराच्या टोकाला गाठ मारत होता, सोडत होता. मला ते दिसलं, तरी मी दोनच लिहिलं. चौथ्या सायकलला त्या आल्याच नाहीत. फोनवर म्हणाल्या, "पोरानं गाय विकली माझ्यापायी. आता बास." मग सोशल वर्करने जनआरोग्य योजनेचे कागद लावले, मावशी परत आल्या, पण तीन आठवडे उशिरा.

म्हणून सांगते, आकडा नातेवाइकासमोर विचारू नका. नवरा कितीही समजूतदार असू दे, लेक कितीही लाडकी असू दे. पेशंट घरच्यांना जपायला खोटं बोलतो, घरचे पेशंटला जपायला. "दोन मिनिटं बाहेर थांबा" म्हणालात तर दोघंही घाबरतात. त्यापेक्षा चालता येणाऱ्या पेशंटला वजनाला न्या. डोससाठी वजन दर सायकलला लागतंच, कुणाला संशय येत नाही. काट्यावरून उतरताना विचारा, "झोप लागते का?" नैराश्य हा शब्द कुणी वापरत नाही. "जीव घाबरतो", "घास उतरत नाही", "कशात मन लागत नाही" असं येतं. जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल चकार शब्द जरी निघाला, तरी पेशंटला एकटं सोडू नका, डॉक्टरांना तेव्हाच बोलवा. शिफ्ट संपण्याची वाट पाहायची नाही.

आधी औषधांची यादीही बघा. डेक्सामेथासोनने झोप उडते. मेटोक्लोप्रमाइडने एखाद्याला एका जागी बसवत नाही, आणि आपण लिहून मोकळ्या होतो, 'पेशंट चिंताग्रस्त'.

"आईला सांगू नका हं, गाठ आहे एवढंच सांगितलंय" हे तर रोजचंच. आजार काय आहे ते आपण परस्पर सांगायचं नाही. पण खोटंही बोलायचं नाही. आईने विचारलंच तर "तुम्हाला काय वाटतंय?" म्हणा, ऐका, डॉक्टरांच्या कानावर घाला.

दोन दिवसांच्या समुपदेशन सर्टिफिकेटवर पैसे घालवू नका, हे माझं मत. मला शिकवलं ते एका जुन्या सिस्टरने, सलाइन लावता लावता. 'पॉझिटिव्ह राहा' हे वाक्य तिने वॉर्डात कधी उच्चारलं नाही.

आणि घाबरू नका. उपचार करायला मानसोपचारतज्ज्ञ आहेत. घरी गेल्यावर रात्री-बेरात्री बोलायला टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर आहे, तो फाइलवर लिहून द्या. आपल्याकडे दर सायकलला पाच मिनिटं असतात, ती पुरतात. नाही पुरली तर पुढच्या सायकलला पुन्हा वजन असतंच.

मी आता आकड्याशेजारी कंसात लिहिते: 'एकटीला विचारलं' किंवा 'मुलगा हजर'.