बेसिक कोर्स झाला, स्कोअर अडकला, आता पुढचा पिस्तूल कोच कसा शोधायचा

बेसिक कोर्स संपला की पुढे साधारण काय होतं ते सांगते. स्टान्स घेता येतो, ग्रिप धरता येते, नेम धरायची पुढची खूण म्हणजे फ्रंट साईट मागच्या रिअर साईटच्या खाचेत मधोमध बसवता येते, सेफ्टी तर झोपेत विचारली तरी सांगता येते, आणि पहिले चार-पाच महिने स्कोअर असा भराभर वाढतो की वाटतं जमलं आपल्याला. मग तो एका जागी जो अडकतो तो अडकतोच. माझा 10 मीटर एअर पिस्तूलचा स्कोअर 600 पैकी 530 च्या आसपास आठ महिने अडकला होता. मी काय केलं तर शॉट वाढवले, रोज 60 च्या जागी 100 मारायला लागले, आणि त्याने सुधारणा सोडा, चुकीची सवयच आणखी घट्ट झाली.

नंतर एका कोचनी फक्त चाळीस मिनिटं बाजूला उभं राहून बघितलं. मॉनिटरकडे एकदाही बघितलं नाही त्यांनी, नजर माझ्या मनगटावर, बोटावर, खांद्यावर. मग म्हणाले, तुमचा शॉट सुटतो त्याच क्षणी तुम्ही हात सोडताय, फॉलो थ्रू, म्हणजे शॉट सुटल्यावरही क्षणभर तसंच धरून राहणं, नाहीच आहे. आठ महिने मी टार्गेटच्या कार्डावर शोधत होते ते उत्तर हातात होतं. म्हणून सगळ्यात आधी हेच सांगेन, बेसिकच्या पुढे तुम्हाला जे शोधायचंय ते टार्गेटकडे न बघता तुमच्याकडे बघणारं माणूस.

पण त्याच्याकडे जायच्या आधी थोडा घरचा अभ्यास करा. शेवटच्या आठ-दहा सिरीज (दहा शॉटची एक) कागदावर काढा, नुसता स्कोअर नको, शॉट कुठे गेले तेही. ग्रुप लहान आहे पण मध्यापासून सरकलेला आहे, का ग्रुपच पसरलेला आहे? पहिलं असेल तर कदाचित साईट सरकवायच्या स्क्रूचे क्लिक फिरवून काम होईल, दुसरं असेल तर क्लिक फिरवून काहीही होणार नाही. उजव्या हाताने मारणाऱ्याचे शॉट सारखे खाली डावीकडे जात असतील तर बहुतेक वेळा ट्रिगरला झटका बसत असतो, आणि अशा वेळी साईट उजवीकडे वर नेणं म्हणजे ताप आलाय म्हणून थर्मामीटर बदलणं.

आणि हे एक गणित डोक्यात पक्कं बसवा, मला फार उशिरा कळलं. अख्खा हात 1 मिलिमीटर बाजूला सरकला तर पेलेट म्हणजे छर्रा टार्गेटवर 1 मिलिमीटरच सरकतो. पण फ्रंट साईट रिअरच्या खाचेत 1 मिलिमीटर सरकली तर दोन साईटमधलं अंतर साधारण 33 सेंटिमीटर धरलं तरी 10 मीटरवर ती चूक 30 मिलिमीटर होते, म्हणजे थेट 7. दहाचं वर्तुळ आहेच केवढं, व्यास 11.5 मिलिमीटर. म्हणून हात थोडा हलला तर घाबरायचं नाही, साईट हलली नाही पाहिजे, आणि बेसिकच्या पुढची जवळजवळ सगळी ट्रेनिंग याच एका गोष्टीभोवती फिरते, साईट न हलवता ट्रिगर सुटणं.

आता शोधायचं कुठे. पुण्यात बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलात मोठी रेंज आहे, मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची आहे, पनवेलला सुमा शिरूर यांची अकॅडमी आहे, आणि कोल्हापूर तर शूटिंगचं गावच, राही सरनोबत, तेजस्विनी सावंत, स्वप्नील कुसाळे सगळे तिकडचे. तुमच्या जिल्ह्यात रायफल असोसिएशन असेल तर तिथेही चौकशी करा. पण नावावर भुलू नका, एक साधी गोष्ट नीट विचारा: तुमच्याकडे पिस्तूलचे कोच कोण आहेत? तेजस्विनी आणि स्वप्नील रायफलचे, राही पिस्तूलची, आणि हे दोन वेगळे खेळ आहेत. रायफलला जॅकेट असतं, दोन हात असतात, पिस्तूल एका हातावर तोललेलं असतं. रायफलचा उत्तम कोच पिस्तूलवाल्याला सेफ्टी आणि शिस्त शिकवेल, पण मनगट कुठे वाकतंय ते पकडेलच असं नाही.

माझ्या मते कोच शोधायची सगळ्यात चांगली जागा म्हणजे स्पर्धा. जिल्हा स्पर्धेला किंवा महाराष्ट्र राज्य स्पर्धेला, जिला आपल्याकडे कॅप्टन ईझकील म्हणतात, नुसतं बघायला जा, शूट करायचं नसलं तरी. मागच्या खुर्च्यांवर बसा आणि स्कोअरबोर्ड बघू नका, कुठल्या मुलांच्या मागे कोण उभं आहे ते बघा. ज्याची चार-पाच मुलं, वेगवेगळ्या उंचीची, वेगवेगळ्या वयाची, सगळी शांतपणे आपापल्या पद्धतीने मारतायत, तो कोच माणसाप्रमाणे शिकवतो. सगळ्यांचा स्टान्स छापल्यासारखा एकच असेल तर मी जरा विचार करेन. वाईट सिरीजनंतर मुलगा मागे वळला की कोच काय करतो तेही बघा, मला तरी त्या दोन मिनिटांत सगळं कळतं.

सर्टिफिकेट विचारायला लाजू नका. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा (एनआयएस) डिप्लोमा आहे का, शूटिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं, आयएसएसएफचं, कोचिंग लायसन्स आहे का. नसलं म्हणून माणूस वाईट असं नाही, पण विचारल्यावर चिडणाऱ्याकडे मी जाणार नाही.

मग एक दिवस नुसतं सेशन बघायची परवानगी मागा आणि नंतर शांतपणे विचारा: एका वेळी किती शूटर असतात, मुख्य कोच आठवड्यातून किती दिवस स्वतः लेनवर असतात, ड्राय फायर (छर्रा न घालता ट्रिगर ओढणं) आणि होल्डिंगला (नेम धरून स्थिर राहणं) किती वेळ देतात, कार्ड उलटं लावून कोऱ्या बाजूवर मारायला लावतात का, स्कॅटसारखं ट्रेनर वापरतात का ज्यात शॉटच्या आधी साईट कशी फिरली ते स्क्रीनवर दिसतं, फीमध्ये लेन, पेलेट, क्लबचं पिस्तूल यातलं काय काय धरलंय. मुख्य कोच किती दिवस असतात हा प्रश्न मी मुद्दाम घातलाय. एका ठिकाणी मी तीन महिन्यांची फी एकदम भरली आणि ज्यांच्या नावावर भरली ते कोच दोनदाच भेटले, बाकी वेळ सीनियर मुलं शिकवत होती, बिचारी चांगली मुलं होती पण त्यांची स्वतःची प्रॅक्टिस होती ना. तेव्हापासून मी एक महिन्याच्या वर आगाऊ भरत नाही.

त्या महिन्यात स्कोअर वाढेल अशी अपेक्षा ठेवू नका, उलट पडेल, कारण जुनी सवय मोडताना पडतोच. बघायचं एवढंच की दर सेशनला तुम्हाला एकच गोष्ट दुरुस्त करायला दिली का आणि पुढच्या वेळी ती आठवणीने तपासली का. एकाच दिवशी ग्रिप, पाय, श्वास, ट्रिगर सगळं बदलायला लावणारा माणूस तुम्हाला गोंधळात टाकेल.

नवीन पिस्तूल आत्ता नको. स्टायर, मोरिनी, पार्डिनी सगळ्यांची किंमत लाखाच्या वर, आणि अडकलेला स्कोअर त्याने सुटत नाही. ग्रिप मात्र तुमच्या हाताच्या मापाची हवी, त्यावर खर्च करा. मनू भाकरचं बघा, टोकियो ऑलिंपिकमध्ये 10 मीटर एअर पिस्तूलचं क्वालिफिकेशन चालू असताना पिस्तूल बिघडलं, वेळ गेला, 575 झाले आणि फायनल हुकली. नंतर ती आपल्या जुन्या कोचकडे, जसपाल राणांकडे, परत गेली आणि 2024 ला पॅरिसमध्ये याच इव्हेंटला 221.7 करून ब्राँझ घेतलं. मला त्या गोष्टीत कोचकडे परत जाणं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

25 मीटरला जायचं असेल तर विषय बदलतो. एअर पिस्तूल 0.177 बोअरचं आणि 20 ज्यूलच्या आत असेल तर लायसन्स लागत नाही, पण 25 मीटरला लागणारं .22 पिस्तूल म्हणजे फायरआर्म, तिथे लायसन्स आलं, म्हणून क्लबचं वेपन रेंजवर कोचच्या समोर वापरता येतं का ते आधी विचारा. ट्रिगरचं किमान वजन 500 ग्रॅमवरून 1000 ग्रॅमवर जातं, आणि महिलांच्या मॅचमध्ये 30 प्रिसिजन म्हणजे सावकाश शॉटनंतर 30 रॅपिड असतात, हात 45 अंशात खाली, टार्गेट 3 सेकंद दिसणार, 7 सेकंद नाही, त्या 3 सेकंदांत एक शॉट. हे शिकवणारे कोच कमी आहेत. माझं मत, एअर पिस्तूलला ट्रिगर झटक्याशिवाय सुटायला लागेपर्यंत इकडे येऊ नका, कारण घाईत जुना झटका पहिला परत येतो.

चाळीशी लागलेल्यांसाठी एक खास गोष्ट, कारण मी त्यातलीच. फ्रंट साईट हाताच्या लांबीवर असते, वाचायचा चष्मा त्यापेक्षा जवळचा आणि लांबचा चष्मा त्यापेक्षा लांबचा, म्हणून दोन्हीने ती धुरकट दिसते आणि आपण समजतो की आपलं होल्डिंग बिघडलंय. डोळ्यांच्या डॉक्टरांना हात ताठ करून नेमकं अंतर दाखवा आणि त्या अंतराचा नंबर काढून घ्या. टार्गेट थोडं धुरकट दिसेल, ते तसंच दिसायला हवं.

ट्रायलला जाताना सपाट तळाचे बूट घाला, सिरीजची वही न्या, पिस्तूल स्वतःचं असेल तर सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी आहे हे दाखवणारी दोरी) घालून बंद केसमध्ये न्या आणि सांगितल्याशिवाय केस उघडू नका. आणि कोचना सुरुवातीलाच सांगा की पहिल्या दोन सिरीज माझा स्कोअर बघू नका, मला बघा.